अट घालून दिलेला आवाज

बँकेच्या नोकरीत बक्षीसपत्र नावाच्या दस्तऐवजाशी माझा पुष्कळ संबंध आला. बापाने मुलाला, मावशीने भाचीला, गावातल्या एखाद्या सधन माणसाने शाळेला करून दिलेली बक्षीसपत्रे तारणाच्या निमित्ताने टेबलावर येत. मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा वकील वाचत. मी मात्र आधी अटींचे कलम काढून बघत असे. देणारा माणूस कसा आहे, त्याला कशाची काळजी आहे आणि कशाची भीती आहे, हे त्या चार-पाच ओळींत जितके कळते तितके दुसरीकडे कुठे कळत नाही.

७ सप्टेंबर १९३६ रोजी, ब्राझीलच्या स्वातंत्र्यदिनी, रिओ दि जानेरो या तेव्हाच्या राजधानीत असेच एक दान झाले. तेरा वर्षे चालवलेले एक रेडिओ केंद्र त्याच्या चालकांनी, एक पैसाही न घेता, सरकारच्या शिक्षणखात्याला देऊन टाकले. अट होती ती अशी, की हे केंद्र शिक्षण आणि संस्कृती यांच्याच कामी येईल. त्यावरून जाहिराती होणार नाहीत आणि राजकारणाचा प्रचारही होणार नाही. ही अट घालणाऱ्या माणसाचे नाव एदगार रोकेत-पिंतो. शिक्षणाने डॉक्टर, पेशाने मानववंशशास्त्रज्ञ. ब्राझीलमध्ये त्यांना नभोवाणीचे जनक म्हणतात आणि त्यांचा जन्मदिवस, २५ सप्टेंबर, हा तिथे रेडिओ दिन म्हणून पाळला जातो.

पोर्तुगीज भाषेतला रेडिओ म्हटला की आपल्याला आठवतो गोवा. १९६१ पर्यंत पणजीहून ‘एमिसोरा द गोवा’ सालाझारच्या राजवटीची बाजू मांडत होती आणि १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचे गुप्त केंद्र कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून तिला उत्तर देत होते. तिथे पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा होती. ब्राझीलची गोष्ट वेगळी. तो देश १८२२ मध्येच पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि भाषा त्याने आपली म्हणून ठेवून घेतली. पण शंभर वर्षांनंतरही ती भाषा वाचता येणारी माणसे थोडी होती. १९२० च्या शिरगणतीप्रमाणे पंधरा वर्षांवरील दर तीन माणसांपैकी जवळजवळ दोघे निरक्षर होते. रोकेत-पिंतोंच्या आयुष्याचा अर्थ लावायचा तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

त्यांचा जन्म १८८४ चा, रिओमधला. बालपण गेले मिनास जेराईस प्रांतात, जुइझ दि फोरा गावाजवळच्या आजोबांच्या मळ्यावर. आईच्या वडिलांनीच त्यांना वाढवले आणि रोकेत हे नावही त्या आजोबांचेच. १९०५ साली ते रिओत डॉक्टर झाले. प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो अमेरिकेतल्या आदिवासींच्या वैद्यकाचा. पुढच्याच वर्षी ते रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानववंशशास्त्राचे सहायक म्हणून लागले. दवाखाना काढून बसले असते तर सुखवस्तू झाले असते. त्याऐवजी त्यांनी कवट्या मोजण्याची आणि हाडांची नोंद ठेवण्याची नोकरी पत्करली.

आणि त्या काळी कवट्या मोजणे हा काही निरुपद्रवी उद्योग नव्हता. १९११ साली लंडनमध्ये जगातल्या वंशांची एक परिषद भरली. तिथे संग्रहालयाचे संचालक लासेर्दा यांनी असे भाकीत केले, की गोऱ्यांशी मिसळत मिसळत शंभर वर्षांत ब्राझीलमधला काळा माणूस नाहीसा होईल. ते भाकीत त्यांनी शुभवार्ता म्हणून सांगितले. तरुण रोकेत-पिंतो त्या वेळी त्यांच्यासोबत होते आणि लासेर्दांनी नंतर छापलेल्या पुस्तिकेतल्या आलेखाला त्यांचेच आकडे वापरले होते. हे सांगायला हवे, कारण पुढे ज्या माणसाने या विचाराशी झुंज दिली तो त्याच विचाराच्या कुशीत वाढला होता.

त्यांना हलवले ते १९१२ च्या प्रवासाने. कर्नल कांदिदो रोंदोन हे स्वतः आदिवासी रक्ताचे लष्करी अधिकारी. माटो ग्रोसोच्या जंगलातून ते तारयंत्राच्या तारा टाकत चालले होते आणि कितीही हल्ले झाले तरी आदिवासींवर शस्त्र उचलायचे नाही असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या तुकडीबरोबर रोकेत-पिंतो निघाले. सामानात कॅमेरा होता आणि मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरणारा फोनोग्राफ होता. पारेसी आणि नांबिक्वारा या जमातींची गाणी त्यांनी त्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. त्यातले ‘नोझानी-ना’ हे पारेसींचे गाणे पुढे व्हिला-लोबोस या थोर संगीतकाराने आपल्या रचनांत घेतले.

या प्रवासावर त्यांनी ‘रोंदोनिया’ हे पुस्तक लिहिले. ते १९१७ साली निघाले. रोंदोनच्या नावावरून त्यांनी त्या मुलखाला दिलेले हे नाव सरकारने १९५६ साली अधिकृत केले आणि आज त्या नावाचे एक राज्य ब्राझीलच्या नकाशावर आहे. एका लेखकाने पुस्तकाला दिलेले नाव प्रदेशालाच चिकटावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण मला त्या पुस्तकापेक्षा ती मेणाची नळकांडी महत्त्वाची वाटतात. ज्यांच्याकडे लिपी नाही त्यांच्याकडेही सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि ते कानांनी जपता येते, हे या माणसाला जंगलात कळले. मग उलट दिशेने विचार करायला कितीसा वेळ? लिपी नसलेल्यांचे जर ऐकून घेता येते, तर लिपी न येणाऱ्यांना ऐकवताही येईल. माझ्या मते रेडिओ ब्राझीलमध्ये येण्याच्या दहा वर्षे आधी रोकेत-पिंतोंचा रेडिओ सुरू झाला होता.

खरा रेडिओ आला तो ७ सप्टेंबर १९२२ रोजी. स्वातंत्र्याच्या शताब्दीचे मोठे प्रदर्शन रिओत भरले होते. वेस्टिंगहाऊस या अमेरिकन कंपनीने कोर्कोवादोच्या डोंगरावर प्रक्षेपक बसवला. ख्रिस्ताचा प्रसिद्ध पुतळा तिथे उभा राहायला अजून नऊ वर्षे होती. राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांचे भाषण आणि रात्री नाट्यगृहातून कार्लोस गोमेस यांचा ‘ओ गुआरानी’ हा ऑपेरा ऐकवला गेला. ग्रहणयंत्रे होती ऐंशीच्या आसपास. जत्रेच्या गोंगाटात कर्ण्यांतून नुसती खरखर ऐकू येत होती आणि लोक ती गंमत बघून पुढे सरकत होते. रोकेत-पिंतोंनी पुढे या आठवणी सांगितल्या आहेत. त्या खरखरीत त्यांना मात्र शाळा ऐकू आली.

प्रदर्शन आटोपले. यंत्रे परत जाण्याच्या बेतात होती. रोकेत-पिंतो गेले आपल्या विज्ञान अकादमीतल्या सहकाऱ्यांकडे. अकादमीचे अध्यक्ष हेन्रिक मोरिझ हे खगोलशास्त्रज्ञ. १९१९ च्या खग्रास ग्रहणात ब्राझीलमधल्या सोब्राल गावी आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची पारख झाली, तिथे ब्राझीलची तुकडी त्यांनीच नेली होती. या विद्वानांच्या बैठकीत २० एप्रिल १९२३ रोजी ‘रादियो सोसिएदादे दो रिओ दि जानेरो’ ही संस्था स्थापन झाली. मोरिझ अध्यक्ष झाले आणि राबणारे हात रोकेत-पिंतोंचे. (ब्राझीलच्या ईशान्येला रेसिफे शहरातले हौशी मंडळ आपण आधीचे असल्याचे सांगते. तो वाद तिथे अजून चालू आहे.) त्या वेळी बिनतारी लहरींवर सरकारची मक्तेदारी होती आणि खाजगी रेडिओला कायद्यात जागाच नव्हती. तारखात्याचा प्रक्षेपक उसना घेऊन आणि परवानग्यांसाठी खेटे घालून काम सुरू झाले.

योगायोग असा, की त्याच १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबनेही आपले पहिले प्रक्षेपण केले. दोन्हीकडे उत्साही मंडळी, दोन्हीकडे वर्गणी. पण मुंबईच्या क्लबात हौस मोठी होती आणि रिओत हेतू.

कार्यक्रम कसे असत? पोर्तुगीज आणि फ्रेंच भाषेचे पाठ, भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान, आरोग्य, मुलांसाठी गोष्टी, अभिजात संगीत. सकाळच्या बातम्या स्वतः रोकेत-पिंतो सांगत. पहाटे वर्तमानपत्रे घेऊन बसायचे, लाल पेन्सिलीने मजकुरावर खुणा करायच्या आणि ध्वनिक्षेपकासमोर बसून नुसते न वाचता समजावून सांगायचे. एखाद्या दूरच्या शहराची बातमी आली तर ते शहर कुठे आहे, तिथे काय पिकते, भांडण कशावरून आहे, हे सारे ओघात येई. आज आपण ज्याला रेडिओ रूपक म्हणतो, त्याचे बीज या खुणा केलेल्या वर्तमानपत्रात होते. बातमी ही एक फट आहे आणि तिच्यातून सगळे जग दाखवता येते, ही त्यांची रीत. मे १९२५ मध्ये आइन्स्टाइन रिओत आले तेव्हा त्यांनीही या केंद्रावरून जर्मनमध्ये दोन शब्द सांगितले आणि लगोलग त्यांचा पोर्तुगीज अनुवाद ऐकवला गेला.

ऐकणाऱ्याकडे यंत्र हवे, आणि यंत्र महाग. म्हणून त्यांनी क्रिस्टल सेटचा प्रचार केला. गॅलेनाचा एक खडा, तारेचे वेटोळे, कानाला लावायचे यंत्र, की झाला रेडिओ. त्याला वीजसुद्धा लागत नाही. संस्थेने ‘रादियो’ आणि ‘इलेक्त्रोन’ ही नियतकालिकेही काढली. श्रोता हा त्यांच्या लेखी सभासद होता आणि महिन्याच्या वर्गणीवर केंद्र चालायचे होते.

इथे मला माझा जुना पेशा बोलू देत नाही असे कसे होईल? वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचा ताळेबंद मी पुष्कळदा पाहिला आहे. हवेतून येणारा आवाज दाराशी अडवता येत नाही. वर्गणी भरणाऱ्याला जे ऐकू येते तेच न भरणाऱ्यालाही येते. अशा धंद्याला कुठलाही शाखाधिकारी कर्ज मंजूर करणार नाही. तरीही रोकेत-पिंतोंनी तो तेरा वर्षे ओढला. त्यातल्या नऊ वर्षांत, १९२६ ते १९३५, ते राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालकही होते. तिथेही त्यांनी शाळांना चित्रे, नमुने आणि चित्रफिती पुरवणारा विभाग उघडून संग्रहालयाच्या काचेबाहेर ज्ञान नेण्याचा उद्योग चालवलाच होता.

याच काळात जुन्या गुरूंच्या भाकिताशी त्यांचा हिशेब चुकता झाला. १९२९ साली रिओत ब्राझीलची पहिली सुप्रजननशास्त्र परिषद भरली. अध्यक्ष होते रोकेत-पिंतो. वंशशुद्धीच्या नावाखाली कोणाला देशात येऊ द्यायचे आणि कोणाला नाही, अशी भाषा तिथे जोरात होती. अध्यक्षांनी आपली मोजमापे पुढे ठेवली आणि सांगितले, की मिश्रणाने माणूस बिघडत नाही. ब्राझीलचा माणूस अशक्त दिसतो तो रोगाने आणि अज्ञानाने. त्याला वैद्य हवा, मास्तर हवा. अशा परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी घेतलेच का, असा प्रश्न आज पडतो आणि तो पडायलाही हवा. सुप्रजननाच्या चौकटीतून ते पूर्ण बाहेर आले नव्हते. पण त्या चौकटीत राहून त्यांनी उभे केलेले उत्तर आणि त्यांचा रेडिओ, दोन्ही एकाच मुळाची झाडे आहेत. दोष रक्तात असेल तर शिकवून काय उपयोग? दोष नसेल तर शिकवण्यावाचून गत्यंतर नाही.

१९३० साली झेतुलिओ वार्गास सत्तेवर आले. १ मार्च १९३२ च्या वटहुकुमाने रेडिओवर जाहिरातींना परवानगी मिळाली. सुरुवातीला कार्यक्रमाच्या वेळाच्या दहा टक्क्यांपर्यंत. दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. साबण, औषधे, बिअर यांच्या पैशांवर केंद्रे गब्बर झाली. गायकांना पगार मिळू लागले. सांबा घराघरांत पोचला आणि कार्मेन मिरांडासारखे गळे देशाचे लाडके झाले. हे सारे वाईट होते असे मी म्हणणार नाही. रोकेत-पिंतोंच्या केंद्रावर झोपडवस्तीतल्या सांब्याला मानाचे पान नव्हते. लोकांना काय हवे यापेक्षा लोकांना काय द्यावे, याचा विचार तिथे जास्त होता. शाळामास्तराचे गुण आणि शाळामास्तराचे दोष, दोन्ही त्या आवाजात होते.

त्यांनी आणखी एक प्रयोग केला. १९३४ च्या जानेवारीत रिओ नगरपालिकेने, आनिसियो तेशेरा हे द्रष्टे शिक्षणतज्ज्ञ शिक्षणप्रमुख असताना, रेडिओ शाळा सुरू केली आणि ती रोकेत-पिंतोंच्या हाती दिली. पाठाआधी टिपणे छापून टपालाने जात. श्रोते पाठ ऐकून उत्तरे लिहून पाठवत. म्हणजे आवाजाला परतीची वाट होती. आपल्याकडे १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे बसवली, लोकांनी ऐकले, चर्चा केली आणि प्रश्न कळवले. त्या प्रयोगाचे कौतुक जगभर झाले. त्याची एक चुलत भावकी बावीस वर्षे आधी रिओत नांदून गेली होती.

इकडे मूळ केंद्राची मात्र कोंडी झाली. नव्या नियमांप्रमाणे अधिक शक्तीचा प्रक्षेपक बसवणे भाग होते. त्याला पैसा हवा होता आणि पैसा जाहिरातीत होता. मार्ग तीन. जाहिराती घ्याव्यात, केंद्र बंद करावे, नाहीतर देऊन टाकावे. रोकेत-पिंतोंनी तिसरा मार्ग धरला.

द्यायचे म्हटल्यावर घेणारे दोन निघाले. लोरिव्हाल फोंतेस यांच्या प्रचारखात्याला ते केंद्र हवे होते. सरकारच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते. रेडिओ म्हणजे प्रचार, हे तोवर साऱ्या जगाला कळले होते. रोकेत-पिंतो अडून बसले. दान शिक्षणखात्यालाच, नाहीतर नाही. शिक्षणमंत्री गुस्तावो कापानेमा यांनी त्यांची बाजू धरली आणि दस्तऐवज त्याप्रमाणे झाला.

अट घालण्याने काय होते, असे कोणी विचारील. माझ्या नोकरीच्या काळात एका तालुक्याच्या गावी जुन्या वाचनालयाच्या विश्वस्तांनी आपली इमारत मोठ्या विश्वासाने, कसलीही अट न लिहिता, एका संस्थेच्या हवाली केली. चार वर्षांनी तिथे मंगल कार्यालय झाले. पुस्तके जिन्याखाली गेली. कोणी कायदा मोडला नव्हता, कारण मोडण्यासारखे काही कागदावर नव्हतेच. घेणारा आजचा असतो आणि अट उद्याच्या घेणाऱ्यासाठी असते.

रोकेत-पिंतोंचा उद्या फार लवकर आला. १९३७ च्या नोव्हेंबरात वार्गास यांनी संसद बरखास्त करून हुकूमशाही आणली. १९३९ साली प्रचारखाते आणखी बलाढ्य झाले. वृत्तपत्रे, चित्रपट, रेडिओ सर्वांवर त्याचा पहारा बसला. सरकारचा ‘ब्राझीलचा तास’ १९३८ पासून प्रत्येक केंद्राला सायंकाळी सक्तीने ऐकवावा लागला. शिक्षणखात्याचे केंद्रही त्यातून सुटले नाही. अटीला तलवारीची धार नसते. पण ते केंद्र प्रचारखात्याच्या पोटात गेले नाही आणि साबणवाल्यांच्याही हाती पडले नाही.

तुलनेला दुसरे उदाहरण शेजारीच होते. दानानंतर पाचच दिवसांनी, १२ सप्टेंबर १९३६ रोजी, ‘रादियो नासिओनाल’ हे भव्य व्यापारी केंद्र रिओत उघडले. १९४० साली सरकारने ते ताब्यात घेतले, पण जाहिराती चालूच ठेवल्या. १९४१ साली एका टूथपेस्ट कंपनीच्या पैशावर तिथे पहिली श्राव्य मालिका सुरू झाली आणि सारा देश तिच्यामागे वेडा झाला. लोकप्रियतेच्या शर्यतीत शिक्षणखात्याचे केंद्र तिच्या आसपासही नव्हते. आपल्याकडेही १९३६ सालीच सरकारी नभोवाणीला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. गाणी हवीत की व्याख्याने, हा तंटा आपल्याकडेही पुढे विविध भारतीपर्यंत चालला.

रोकेत-पिंतो स्वतः मग चित्रपटाकडे वळले. शैक्षणिक चित्रपटांच्या राष्ट्रीय संस्थेचे ते १९४७ पर्यंत संचालक होते. दिग्दर्शक म्हणून त्यांनी आणले उंबेर्तो मावरो यांना. मावरोंनी या संस्थेसाठी तीनशेहून अधिक माहितीपट केले. साप, वनस्पती, जुनी शहरे, कामगारांची गाणी, काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. फोनोग्राफ, रेडिओ, चित्रफीत. यंत्रे बदलली, वर्ग तोच राहिला.

१८ ऑक्टोबर १९५४ रोजी रिओतल्या घरी वर्तमानपत्रासाठी लेख लिहीत असताना त्यांचे निधन झाले. वय सत्तर.

त्यांनी ज्या संग्रहालयात उमेदवारी केली ते २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दोनशे वर्षांचा ठेवा गेला. पण १९१२ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे जतन बर्लिनच्या ध्वनिसंग्रहातही झाले होते आणि २००८ साली त्यांची तबकडी निघाली होती. त्यामुळे पारेसींचे ते गाणे आजही कोणालाही ऐकता येते.

आणि दिलेले केंद्र? शिक्षणखात्याच्या आद्याक्षरांवरून ते ‘रादियो मेक’ म्हणून ओळखले गेले. १९६० नंतर तिथे ‘क्वाद्रांते’ हा कार्यक्रम होत असे. द्रुमोंद, सेसिलिया मेइरेलेस, मानुएल बांदेइरा यांच्यासारख्या श्रेष्ठ कवींचे ललित लेखन तिथे रोज ऐकवले जाई. त्याआधी, १९४० च्या दशकात, रिओच्या उपनगरातली एक कामगाराची शाळकरी मुलगी त्या केंद्रावर आवाजाची परीक्षा देऊन दाखल झाली. दहा वर्षे तिने तिथे निवेदन केले, नाटकांत कामे केली, जगाचे वाङ्मय वाचले. तिचे नाव फेर्नांदा मोंतेनेग्रो. पुढे ती ब्राझीलची सर्वश्रेष्ठ अभिनेत्री मानली गेली आणि ‘सेंट्रल स्टेशन’ या १९९८ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यात ती रेल्वे स्टेशनात टेबल टाकून, लिहिता न येणाऱ्या माणसांची पत्रे लिहून देणारी बाई झाली आहे.

२०२३ साली त्या केंद्राने शंभरी साजरी केली. मधल्या काळात कितीतरी सरकारे आली आणि गेली, खाती बदलली, केंद्राच्या अस्तित्वावर गदा आल्याच्या बातम्याही अधूनमधून येत राहिल्या. दर वेळी त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी १९३६ चा तो कागद पुढे केला.